जोडीचं नाव

रॅपर हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला चॉकलेटचा कागद आठवला होता. तसं मी कल्पेशला तोंडावर सांगितलंही. पोरगं रागावेल असं वाटलं होतं, पण त्यानं काउंटरवर कोपर टेकले आणि शांतपणे विचारलं, "काका, तुमच्याकडं असा माईक हाय का, ज्याच्यात श्वास पन ऐकू येतो?" मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे आहेत ते लग्नाचे माईक. त्यात 'नवरीच्या मामांनी मांडवात यावे' एवढं ऐकू आलं तरी पुष्कळ. मग मात्र तो हसला.

पेणला माझं मांडव आणि स्पीकरचं दुकान आहे, एसटी स्टँडच्या पलीकडे. लग्न असो, हळद असो, गणपती असो की कुणाचं वर्षश्राद्ध, माझी कनात लागल्याशिवाय इथे माणसाचं काही होत नाही, असं मी म्हणत असतो. बायको म्हणते, जास्त बोलू नका. कल्पेश खाडीकडच्या गावातला, आगऱ्यांचा. बापाचा जन्म मिठागरात गेला. पुढे खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं, मिठागर बुडालं, आणि थोड्याच दिवसांत बापही गेला. पोरगं रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर झालं. शिफ्टची बस पेणच्या नाक्यावरून सुटायची. बसला वेळ असला की स्वारी माझ्या दुकानात.

उंच, हडकुळा, कान बाहेर आलेले. पायात कायम कंपनीचे सेफ्टी शूज. लग्नात तेच, स्टेजवर तेच. एकदा देवळात जाताना ते बूट काढायला त्याला इतका वेळ लागला की आरती संपली. स्वतःचं नाव त्यानं ठेवलं होतं 'खारट'. मी विचारलं, हे काय नाव झालं? तर म्हणे, गाण्यात गोड बोलणारे लय झाले. बोलता बोलता तो मधेच गप्प व्हायचा, ओठ हलवत बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजायचा आणि परत बोलायला लागायचा, जणू मधे काही झालंच नाही. समोरच्याला वाटायचं, हा मंत्र म्हणतोय. त्यात गिऱ्हाईक असलं की मला उगाच खुलासा करावा लागायचा.

त्याचं एक वाक्य मला पाठ झालंय. "बेस कमी करा काका, शब्द बुडतायत." आता मला सांगा, सगळा रायगड जिल्हा माझ्याकडे येऊन बेस वाढवा म्हणतो आणि हा एकटा कमी करायला सांगतो. मी त्याला म्हणायचो, तू माझा धंदा बसवणार आहेस.

एकदा त्यानं मला मोबाइलवर आफ्रिकेतल्या एका पोराचं गाणं दाखवलं. झुलू लोकांचा पोरगा. अंगावर कातड्याचा पोशाख, पायात आपल्यासारखेच बूट, मागे म्हातारी माणसं गुडघा छातीपर्यंत उचलून जमिनीवर पाय आपटतायत आणि हा पुढे बंदुकीसारखा बोलतोय. मला एक अक्षर कळलं नाही. कल्पेश मात्र डोळे मोठे करून बघत होता, बहुतेक शंभराव्यांदा. मला म्हणाला की या पोरानं मागं काय ठेवलंय बघा, त्याच्या आजाचा नाच ठेवलाय, कुणाची उसनी टेप नाय. आणि मग विचारलं, "आपल्या मागं काय हाय काका?" मी म्हटलं, आपल्यामागे जनरेटर आहे. त्याला ते पटलं नाही. त्याच्यामागे काय आहे ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याची आई. हिरूबाय.

हिरूबाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला म्हणतात, म्हणजे लग्नाचं गाणं, आणि तो म्हणणारी बाई ती धवलारीण. पूर्वी म्हणे भटजीशिवाय तीच लग्न लावायची. आता भटजी असतो आणि धवलारीण एका बाजूला पाटावर बसते. आसपासच्या गावांत एकटी हिरूबायच उरली होती. माझं तिच्याशी पहिल्यांदा भांडणच झालं. मी कौतुकानं माईक तिच्या तोंडापुढे धरला, तर तिनं तो हातानं बाजूला सारला आणि जनरेटर बंद करायला लावला. मी म्हटलं, मावशी, मागच्या लोकांना ऐकू कसं जाणार? ती म्हणाली, ज्यांचं लग्न हाय त्यांना ऐकू गेलं की झालं.

तिची एक रीत होती. धवल्यात नवरा-नवरीची नावं घालतात. ती नावं जोडीनंच घ्यायची, एकापाठोपाठ एक, मधे श्वास तोडायचा नाही. एका लग्नात नवरीचं नाव घेतलं आणि हिरूबायला ठसका लागला. बाईनं पाणी प्यायलं आणि धवला पहिल्यापासून सुरू केला. मुहूर्त टळत होता, भटजी घड्याळ दाखवत होता, नवऱ्याचा बाप हात जोडत होता. ही ढिम्म. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "एकाचंच नाव मांडवात सोडायचं नसतं. दुसरा मांडवाच्या भायेर ऱ्हातो." मला तेव्हा हसू आलं होतं.

कल्पेशला आईचे धवले हवे होते. ती द्यायला तयार नव्हती. धवला काय बाजारात म्हणायची वस्तू आहे का, लग्न नसताना म्हणायचा कशाला, असं तिचं म्हणणं. त्याचं म्हणणं, आये, तू गेलीस की धवला जाईल. म्हाताऱ्या माणसाला असं तोंडावर सांगतात का? पण आगऱ्यांत बोलणं असं सरळच. तीही काही कमी नव्हती, म्हणाली, मग तू म्हण माझ्यासंगं लग्नात बसून. पुरुषानं धवला म्हणायचा म्हटल्यावर सगळं गाव हसलं असतं. तो घरी तिच्याबरोबर म्हणायचा. सगळे धवले त्याला यायचे. बाहेर मात्र कधी म्हटला नाही.

मग शेजारच्या दीपालीचं लग्न ठरलं. कल्पेश आणि ती एकाच अंगणात वाढलेले, बहीणभावंडांसारखे. नवरा निडीकडचा, धाटावलाच दुसऱ्या एका कंपनीत सिक्युरिटीला. नाव हरिश्चंद्र. नाव राजाचं आणि नोकरी गेटवरची, असं तो स्वतःच म्हणायचा. हसरा गडी होता. मांडव माझाच होता. कल्पेश आईच्या मागे मोबाइल धरून बसला होता आणि तिला माहीत होतं. शेजारच्या पोरीचं लग्न म्हणून असेल, त्या दिवशी ती त्याला काही बोलली नाही. तिनं धवला धरला:

पाटावं बैसली गो, दीपाली नवरी,
जोडीला आयला गो, हरिश्चंद्र नवरा.

महिन्याभरात कल्पेशनं त्याचं गाणं केलं. खाली आईचा आवाज संथ, खाडीला भरती चढते तसा, आणि वरून याचं तडतड बोलणं:

बापूस माजा मिठान सरला,
मी धाटावच्या शिफ्टला भरला,
बांद फुटला तवा कोन नाय आला,
सायेब फोटो काढून फिरला.

पहिल्यांदा त्यानं ते मला दुकानात ऐकवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू? आयुष्यभर मी लोकांना गाणी ऐकवली, पण आमच्या मातीचं असं गाणं माझ्या स्पीकरमधून पहिल्यांदा येत होतं. त्यात 'पाटावं बैसली गो, दीपाली नवरी' ही ओळ परत परत यायची. तेवढीच. पुढची ओळ त्यानं घेतली नव्हती.

रोह्याला एका मंडळाच्या कार्यक्रमात त्यानं ते पहिल्यांदा लोकांपुढे म्हटलं. समोर पोरं नाचायला आलेली. स्पीकर माझेच होते. यानं मला आईचा आवाज तेवढा ठेवून बाकी सगळं बंद करायला सांगितलं आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना म्हणाला, तुम्ही हळदीला टाळ्या कशा वाजवता, तशा वाजवा गो. त्या लाजल्या, मग एकीनं धरलं, मग सगळ्यांनी. त्या टाळ्यांवर त्यानं पूर्ण गाणं म्हटलं. दीपाली आणि हरिश्चंद्र जोडीनं आले होते. गाणं संपल्यावर हरिश्चंद्र स्टेजमागे आला, कल्पेशच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाला, बायकोला फेमस केलीस, मग माझं नाव कुठं घालवलंस? कल्पेशनं सांगितलं की तुझं नाव लांबलचक, बीटमध्ये बसत नाय, दुसऱ्या पार्टला घालतो. आम्ही सगळे हसलो. मीही म्हटलं, आईबापांनी जरा छोटं नाव ठेवायला नको का?

त्या हंगामात ते गाणं वणव्यासारखं पसरलं. पेणपासून रोह्यापर्यंत एकही हळद त्याच्याशिवाय झाली नाही. मोबाइलवर, रिक्षात, गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या पोरांच्या कारखान्यांत, सगळीकडे 'दीपाली नवरी'. कल्पेशला कंपनीत लोक 'खारट' म्हणून हाक मारू लागले. त्याचे ते दिवस मला डोळ्यांसमोर दिसतात. चालताना पाय जमिनीला लागत नव्हते, आणि तेही त्या जड बुटांत.

पावसाळ्यात हरिश्चंद्र शिफ्ट संपवून मोटारसायकलवरून घरी येत होता. नागोठण्याच्या अलीकडे ट्रेलरवर मागून आदळला आणि जागीच गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

दीपाली माहेरी आली, कल्पेशच्या शेजारच्या घरात. आणि पुढची लग्नसराई आली. खाडीकडे सपाट जमीन, मधे डोंगर नाही की झाड नाही. तीन गावांच्या हळदींचे स्पीकर एका घरात ऐकू येतात. तिन्हीकडून तिचंच नाव यायचं. दीपाली नवरी, दीपाली नवरी. त्या घराच्या खिडक्या भर उन्हाळ्यात बंद असायच्या. कल्पेश बांधावरून लांबचा वळसा घालून घरी जायला लागला, तिच्या दारावरून जायला नको म्हणून.

गाव कुजबुजत होतंच, पण गावाचं काय घेऊन बसायचं? बोलली ती हिरूबाय. ती ओरडली नाही. भाकरी वाढताना म्हणाली, "जोडी तोडून नाव घेतलंस, कल्प्या. त्याला मांडवाच्या भायेर ठेवलास." त्यानंतर तिनं धवला म्हणणं सोडलं. तशी तिला बोलावणीही कमी झाली होती. लोक म्हणायचे, मावशी, तुम्ही कशाला येता, तुमचा आवाज तर डीजेवर आहेच.

कल्पेश माझ्याकडे आला आणि मला समजावून सांगायला लागला, मी काही विचारलं नसताना. पाऊस होता, ट्रेलरला मागचा दिवा नव्हता, रस्त्याला खड्डा होता. गाण्यानं माणूस मरतो का काका? मी म्हटलं, वेडा आहेस का, असं कधी होतं का? त्याला बरं वाटलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी बसच्या आधी परत आला आणि परत तेच विचारलं. मग आठवडाभर रोज. धाटावला एवढी मशिनं चालवणारा, वॉल्व आणि प्रेशरच्या भाषेत बोलणारा पोरगा, पण आईचं ते एक वाक्य त्याच्या मनातून निघेना. मी तरी काय करणार? रोज नाही म्हणत होतो.

शेवटी त्यानं ठरवलं, नाव काढायचं. गाण्यातून 'दीपाली' एवढाच शब्द काढून टाकला. तिथं नुसती रिकामी जागा. जुनं गाणं जिथं जिथं टाकलं होतं तिथून काढलं, नवं टाकलं, आणि सुट्टीच्या दिवशी डीजेवाल्यांच्या दारोदार हिंडून पेनड्राइव्ह बदलायला लागला. माझ्याकडचं तर त्यानं समोर बसून पुसलं. काही लोक चांगले होते, त्यांनी ऐकलं. काहींनी चहा पाजून वाटेला लावलं.

रोह्याच्या बाजूला एका हळदीत मांडव माझा होता आणि डीजे दुसऱ्याचा. कल्पेश शिफ्टवरून थेट आला होता, कंपनीच्या कपड्यांत. त्यानं डीजेला नवं गाणं लावायला लावलं. गाणं सुरू झालं. 'पाटावं बैसली गो', आणि पुढे रिकामी जागा आली. तिथं सगळ्या मांडवानं हात वर करून एका आवाजात नाव घेतलं, "दीपाली!" पोरं, बायका, नवरीचा बाप, सगळे. परत जागा आली, परत तसंच, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. त्यांना वाटलं, आपल्याला नाव घेता यावं म्हणूनच ही जागा सोडलीय.

कल्पेश धावत गेला आणि वायर ओढली. हळद लागलेल्या दहाजणांनी त्याला धरलं. कोण कुठला कंपनीचा कामगार, खारटचं गाणं बंद करतो काय, म्हणून त्याला मारलं. तो एकदाही म्हणाला नाही की मीच खारट. मी मधे पडून त्याला बाहेर काढला, टेम्पोत बसवला. ओठ फुटला होता, अंगभर पिवळं झालं होतं. निडी आल्यावर म्हणाला की काका, आता ते नाव माझ्या हातात राहिलं नाही. मला त्याची इतकी दया आली की मी टेम्पो बाजूला घेऊन उगाच टायर बघितले.

त्यानंतर त्यानं गाणं सोडलं. सोडलं म्हणजे पार. आईसमोर बसून मोबाइलमधलं लग्नाचं मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. तिला वाटलं असेल, यानं पोराचा जीव शांत होईल. हळदीची गाणी दोन हंगाम टिकतात. त्याचंही गाणं मागे पडलं, दुसरी आली, आणि खारट कोण हे लोक विसरलेही. मी मात्र त्याला म्हणायचो, अरे, तू चांगला होतास. तो मान हलवून विषय बदलायचा. पुढे गुजरातेत कुठल्याशा मोठ्या प्लांटवर नोकरी मिळाली, आणि आईला घेऊन तो गेलाच. कधीतरी त्याच्या गावचं कुणी भेटलं तर मी चौकशी करतो. बरा आहे म्हणतात. गात नाही म्हणतात.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात तो माझा माईक परत द्यायला आला होता. माझ्याकडून नेलेला, बरेच दिवस त्याच्याकडेच पडलेला. दुपारची वेळ. तो वायर गुंडाळत होता तेवढ्यात दीपाली दुकानात आली. हातात कपड्यांची बॅग. पनवेलला एका दवाखान्यात तिला काम लागलं होतं आणि ती एसटीची वाट बघत होती. कल्पेशला बघून ती थांबली. तो उठून उभा राहिला. शेजारशेजारची घरं, पण हरिश्चंद्र गेल्यापासून दोघं समोरासमोर आले ते बहुतेक तेव्हाच.

ती माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, काका, ते गाणं आहे ना, त्यात माझं एकटीचंच नाव आहे. ह्यांचं नाव असलेलं कुठं मिळेल का? लग्नातलं, आख्खं?

मी कल्पेशकडे बघितलं. त्यानं सांगितलं की पुसलं, सगळं पुसलं, तिला त्रास नको म्हणून. ती चिडेल असं मला वाटलं. आम्ही सगळे मिळून तिचं नाव पुसायला निघालो होतो आणि तिला एका शब्दानंही कुणी विचारलं नव्हतं.

"तुना येतंय ना?" ती म्हणाली. "मंग म्हण."

तो म्हणाला, पुरुषांनी म्हणत नाहीत. आणि लग्न नाही, मांडव नाही. ती बॅग खाली ठेवून माझ्या स्टुलावर बसली.

कल्पेशनं डोळे मिटले आणि धवला धरला. माईक नाही, काही नाही. त्याला मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. हुबेहूब हिरूबाय. 'पाटावं बैसली गो, दीपाली नवरी.' मग 'जोडीला आयला गो', आणि तिथं त्याचा आवाज अडकला. त्यानं पहिल्यापासून धरलं. परत तिथंच अडकला. तिसऱ्यांदा तिथं आला तेव्हा दीपालीनंच नाव घेतलं, हलक्या आवाजात, जमिनीकडे बघत. "हरिश्चंद्र." ते त्यानं तिच्याकडून उचललं आणि आईसारखं लांबवत, श्वास न तोडता, शेवटपर्यंत नेलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. बॅग उचलली. येते, म्हणाली, दोघांनाही, आणि स्टँडकडे गेली. एसटी लागली होती. ती चढेपर्यंत मी दारातून बघत होतो.

मागे वळलो तर कल्पेश तसाच उभा होता, हातात अर्धी गुंडाळलेली वायर. ओठांतल्या ओठांत तो ते नाव परत परत म्हणून बघत होता, हळू, मग जरा जलद, मग त्याच्या गाण्याच्या चालीवर.

"बसतंय ओ काका," तो म्हणाला. "तवा पन बसत होतं."